जगावेगळी परदेशी गाडी ठाणे-नवी मुंबईत आणायची कायदेशीर वाट

जपानच्या लिलावाच्या साइटवर होंडा बीट दिसते, सुझुकी कापुचिनो दिसते, निसान फिगारो दिसते. स्टिअरिंग उजवीकडे, गाडी लहान, किंमत आवाक्यातली वाटते. न्हावा शेवा बंदर तर वाशी-बेलापूरच्या हाकेच्या अंतरावर. तरीही या गाड्या आणता येत नाहीत, आणि त्याचं कारण त्यांच्या वयात आहे. तिन्ही गाड्या १९९१ साली बाजारात आल्या. वापरलेली गाडी परवान्याशिवाय आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली हवी, नाहीतर पन्नास वर्षांच्या पलीकडची. मधली सगळी वर्षं बंद. १९९१ ची बीट २०४१ सरेपर्यंत इथे येणार नाही, मग शुल्क कितीही भरायची तयारी असो.

म्हणून किंमत विचारण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून काढा: गाडी कोणत्या महिन्यात बनली, स्टिअरिंग कोणत्या बाजूला आहे, आणि आयातदार म्हणून तुम्ही कोण आहात. बहुतेक प्रकरणांचा निकाल या तीन ओळींतच लागतो. पैसे पाठवल्यावर लागण्यापेक्षा तो आधी लागलेला बरा.

वाटा किती आणि कोणासाठी

नियम दोन ठिकाणचे आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. गाडी देशात येऊ द्यायची की नाही, हे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीएफटीच्या, आयात धोरणात ठरतं. गाड्यांचा अध्याय ८७ वा. त्या धोरणाची अंमलबजावणी बंदरावर कस्टम्स करतं. गाडी रस्त्यावर चालू द्यायची की नाही, हे मोटार वाहन कायदा १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ यांत ठरतं आणि ते काम आरटीओचं. एकाचं होकारपत्र दुसऱ्यावर बंधनकारक नसतं. ‘मी चालवणारच नाही, बंगल्याच्या आवारात नुसती ठेवणार’ हा युक्तिवाद कस्टम्सपुढे चालत नाही, कारण धोरणातली अट गाडी देशात येण्यावर आहे.

कोरी गाडी म्हणजे परदेशात कधी विकली न गेलेली, भाड्याने न दिलेली आणि कुठेही नोंदणी न झालेली. तिला नियम १२६ खाली मान्यताप्राप्त संस्थेचं टाइप ॲप्रूव्हल लागतं. म्हणजे त्या मॉडेलने बीएस-६ उत्सर्जन, समोरून आणि बाजूने धडक, दिवे, ब्रेक अशा चाचण्या पार केलेल्या असाव्या लागतात. कंपनीला हे परवडतं, एका गाडीसाठी एका माणसाला परवडत नाही. सप्टेंबर २०१८ पासून वर्षाला २,५०० गाड्यांपर्यंत आंतरराष्ट्रीय मानकांच्या आधारे सूट मिळते. पण ती गाडी बनवणाऱ्या कंपनीला किंवा तिच्या अधिकृत प्रतिनिधीला आहे, तुम्हाआम्हाला नाही. ज्या कंपनीचा भारतात प्रतिनिधीच नाही तिची कोरी गाडी आणायचा विचार सोडून द्यावा, असंच आमचं स्पष्ट मत आहे.

परदेशात राहून कायमचं परत येणाऱ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. सलग दोन वर्षं बाहेर राहिलेलं असावं आणि ती गाडी किमान एक वर्ष तुमच्या ताब्यात असावी. अशी एकच गाडी आणता येते. इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे: घरसामानाला मिळणारी ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’ची शुल्कसवलत गाडीला मिळत नाही. शुल्क पूर्ण भरावं लागतं. परदेशात वारलेल्या नातेवाइकाची गाडी कायदेशीर वारस म्हणून आणणाऱ्यांचाही याच यादीत समावेश आहे. त्यांनी वारसा दाखला त्या देशातल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून घ्यावा.

कार्ने नावाचा कागद पर्यटकाच्या गाडीसाठी असतो. बाहेरची नोंदणी असलेली गाडी सहा महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय आणायची आणि परत न्यायची. ठाण्यात राहणाऱ्या माणसाने मित्राच्या कार्नेवर गाडी आणून इथेच ठेवली, तर तो शुल्कचुकवेपणाचा गुन्हा होतो.

मग खऱ्या अर्थाने दोन वाटा उरतात: तीन वर्षांच्या आतली वापरलेली गाडी आणि पन्नास वर्षांवरची विंटेज.

तारखेचा घोळ

तीन वर्षं मोजायची ती गाडी बनल्याच्या तारखेपासून, पहिल्या नोंदणीपासून नव्हे. जपानमधून येणाऱ्या गाडीसोबत नोंदणी रद्द केल्याचा निर्यात दाखला येतो. त्यावर पहिल्या नोंदणीचं वर्ष आणि महिना असतो, बनल्याचा महिना नसतो. गाडी विक्रेत्याच्या आवारात पाच महिने उभी राहून मग विकली गेली असेल, तर दाखल्यावर दोन वर्षं आठ महिने दिसतील आणि खरं वय तीन वर्षं एक महिना निघेल. वर जपानच्या देशी बाजारातल्या गाड्यांना सतरा अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) नसतो. मॉडेलचा कोड, मधे आडवी रेघ आणि पुढे अनुक्रमांक, एवढाच फ्रेम नंबर असतो. त्यातून वर्ष थेट वाचता येत नाही. म्हणून विक्रेत्याकडून उत्पादनाच्या महिन्याचा लेखी दाखला मागा. सीटबेल्टच्या पट्टीवरचं लेबल आणि काचांच्या कोपऱ्यातल्या खुणा यांचे जवळून काढलेले फोटोही घ्या. हे भाग गाडीच्या थोडे आधी बनलेले असतात, त्यामुळे कागद कुठे खोटं बोलतोय हे त्यांवरून लगेच कळतं.

होंडा एस६६० चं उदाहरण घ्या. ६६० सीसी, मधोमध इंजिन, दोनच सीटा, भारतात कितीतरी जणांना हवी असलेली गाडी. तिचं उत्पादन मार्च २०२२ मध्ये थांबलं. म्हणजे मार्च २०२५ नंतर जगातली एकही एस६६० या वाटेने बसत नाही. तरीही ती ‘भारतात पोचवून देतो’ म्हणणारे भेटतात. पैसे त्यांना मिळतात, गाडी कस्टम्सच्या ताब्यात राहते.

विंटेजच्या बाजूने तारखेचा पेच उलटा आहे. १९५० च्या आधी बनलेल्या गाड्यांपुरतीच असलेली मोकळीक फेब्रुवारी २०२५ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांपर्यंत वाढली आणि ही रेघ दरवर्षी पुढे सरकते. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेजची पन्नास वर्षं पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून मोजतात. बनल्याला पन्नास वर्षं झालेली, पण पहिल्या नोंदणीला अजून न झालेली गाडी बंदरातून सुटेल आणि नोंदणीपाशी अडकेल. दोन्ही तारखा पन्नास वर्षांच्या पलीकडे आहेत ना, हे बघूनच हात घाला. होंडा एस८०० (१९६६ ते १९७०), माझदा कॉस्मोची पहिली पिढी (१९६७ ते १९७२), सुबारू ३६० (१९५८ ते १९७१) या गाड्यांत असा धोका नाही, शिवाय स्टिअरिंगही उजवीकडे मिळतं.

स्टिअरिंग, दिवे, स्पीडोमीटर

वापरलेल्या गाडीला स्टिअरिंग उजवीकडे, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये आणि हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा असावा लागतो. जपान आणि ब्रिटनमध्ये वाहतूक डावीकडून, त्यामुळे स्टिअरिंग आणि दिव्यांचा प्रश्न सहसा येत नाही. ब्रिटनच्या गाडीत स्पीडोमीटर मैलांत असतो. किलोमीटरची बारीक आतली ओळ असली तरी मुख्य आकडे मैलांचे असतील तर आक्षेप येतो. तो गाडी निघण्यापूर्वी तिकडेच बदलून घ्या, आणि बदलताना जुन्या मीटरवरचा आकडा मैल-किलोमीटरसह बिलावर लिहून घ्या. नाहीतर मूल्यांकनाच्या वेळी ‘मीटर फिरवला’ असा संशय येतो आणि तो खोडून काढायला हातात काहीच नसतं.

डाव्या स्टिअरिंगची गाडी उजवीकडे करून आणणं टाळा. मूळ घडणीचं प्रमाणपत्र जुळत नाही, आणि विंटेजमध्ये तर मूळ रूपच लागतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १२० डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला चालू इशारा-यंत्रणा असेल तर रस्त्यावर परवानगी देतं. ते कलम दाखवून लोक म्हणतात की अशी गाडी कायदेशीर आहे. रस्त्यावर असेल, पण वापरलेल्या गाडीची आयातीची अट त्याने पुसली जात नाही.

तीन वर्षांच्या आतली गाडी: कागदांची माळ

या वाटेला तीन वेगळे कागद लागतात आणि ते तीन वेगळ्या वेळी मिळतात. पहिला, जहाजात चढण्याच्या लगेच आधी परदेशातल्या अधिसूचित चाचणी संस्थेने गाडी तपासून दिलेला, ती भारताच्या नियमांत बसते असा दाखला. दुसरा, मूळ होमोलोगेशनचा, म्हणजे मॉडेलच्या मान्यतेचा, दाखला. तिसरा भारतात: गाडी बंदरावर उतरल्यावर, पण कस्टम्समधून सुटण्याआधी, पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई किंवा मध्य प्रदेशातल्या बुदनीची संस्था यांच्याकडे चाचणी. ठाणे-नवी मुंबईकरांना पुणे सोयीचं. पण गाडी अजून कस्टम्सच्या ताब्यात असते, त्यामुळे ती स्वतः चालवत एक्स्प्रेसवेने नेता येत नाही. कस्टम्सची परवानगी घेऊन फ्लॅटबेडवर (गाडी लादून नेणाऱ्या ट्रकवर) न्यावी लागते आणि तशीच परत आणावी लागते. चाचणीची तारीख आधी पक्की करा. ती न मिळाल्याने गाडी नुसती उभी राहिली तर भाड्याचं मीटर फिरतच असतं.

याखेरीज आयातदाराने लिहून द्यायचं असतं की आयातीपासून किमान पाच वर्षं गाडी रस्त्यायोग्य राहील आणि देशात तिच्या सर्व्हिसची सोय आहे. ज्या कंपनीचं भारतात दुकानच नाही तिच्या बाबतीत ही ओळ सगळ्यात कठीण जाते. नुसत्या सहीने भागत नाही, रस्त्यायोग्यतेच्या मुदतीला चाचणी संस्थेच्या दाखल्याचा आधार लागतो. सर्व्हिस कोण करणार, सुटे भाग कुठून येणार, याचा लेखी करार एखाद्या नोंदणीकृत वर्कशॉपशी आधी करून ठेवा. वेगळ्या गाडीच्या मालकाला तो पुढे रोज उपयोगी पडणारच आहे.

आता एक गोष्ट नीट वाचा, कारण नवी मुंबईची माणसं हमखास इथे चुकतात. वापरलेली गाडी आयात धोरणानुसार फक्त मुंबई बंदरातून येते. न्हावा शेवा वेगळं बंदर, वेगळं सीमाशुल्क क्षेत्र, वेगळा कोड. मुंबईचा आयएनबीओएम, न्हावा शेवाचा आयएनएनएसए. परदेशातला शिपिंग एजंट ‘मुंबई’ ऐकतो आणि सवयीने न्हावा शेवाचं बुकिंग करतो, कारण कंटेनर बहुतेक तिथेच उतरतात. गाडी उरणला उतरली की ‘चुकीच्या बंदरातून आयात’ हा आक्षेप लागतो. बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे जहाज कंपनीच्या माल-पावतीचा, मसुदा सही होण्याआधी मागवा आणि उतरण्याच्या बंदराचा रकाना स्वतः वाचा. विंटेजसाठीही कोणत्या बंदरातून सोडवायची, हे बुकिंगआधी सीएचएकडून, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्या एजंटकडून, लेखी घ्या.

अटी पुऱ्या होत नसतील तर डीजीएफटीकडे निर्बंधित वस्तूच्या परवान्यासाठी एएनएफ-२एम या नमुन्यात अर्ज करता येतो. निर्णय दिल्लीतली समिती घेते. खाजगी हौसेच्या गाडीला असा परवाना मिळेल या भरवशावर गाडी विकत घेऊ नका. अर्ज करायचाच असेल तर तो आधी, आणि खरेदी परवाना हातात पडल्यावरच.

पैशाचा हिशोब

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पापासून वापरलेल्या गाडीवर ७० टक्के मूळ सीमाशुल्क आणि ६७.५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर आहे. दोन्ही मिळून १३७.५ टक्के. कोऱ्या गाडीची सीआयएफ किंमत (गाडी, विमा आणि जहाजभाडं मिळून) ४०,००० डॉलरच्या वर असेल तर ७० आणि ४० मिळून ११० टक्के. या बेरजेवर वरून आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीवरचा भरपाई उपकर गेला, आणि १,२०० सीसीपर्यंतच्या व ४ मीटरच्या आतल्या पेट्रोल गाडीला १८ टक्के, मोठ्या गाडीला ४० टक्के असे दर झाले.

समजा ६६० सीसीची, ३.४ मीटर लांबीची दाइहात्सू कोपेन १० लाख सीआयएफला पडली. सीमाशुल्क आणि उपकर १३,७५,०००. बेरीज २३,७५,०००. त्यावर १८ टक्के आयजीएसटी ४,२७,५००. बंदरातून सुटताना गाडी २८,०२,५०० ची. महाराष्ट्रात आयात गाडीला एकरकमी रस्ताकर २० टक्के, म्हणजे या पडलेल्या किमतीवर साधारण ५,६०,५००. एकूण ३३,६३,०००, आणि यात चाचणी, सीएचए, सीएफएस (बंदराबाहेरचं कंटेनर गोदाम), फ्लॅटबेड, विमा काहीच धरलेलं नाही.

इंजिनाच्या आकाराने किती फरक पडतो ते विंटेजमध्ये ठळक दिसतं. २० लाख सीआयएफची होंडा एस८०० घ्या. इंजिन ७९१ सीसी, लांबी साडेतीन मीटरच्या आत. २० अधिक २७.५ म्हणजे ४७.५ लाख, त्यावर १८ टक्के ८.५५ लाख, एकूण ५६.०५ लाख. त्याच किमतीची दोन लिटरची ब्रिटिश गाडी आणली तर आयजीएसटी १९ लाख आणि एकूण ६६.५ लाख. साडेदहा लाखांचा फरक केवळ इंजिनाचा. विंटेज गाडी ‘पुरातन वस्तू’ म्हणून शीर्षक ९७०६ खाली दाखवा, शुल्क वाचेल, असा सल्ला देणारे असतात. त्या शीर्षकाला शंभर वर्षांवरचं वय लागतं. चुकीचं वर्गीकरण पुढे चुकीची घोषणा म्हणून अंगावर येतं.

 सीआयएफमधल्या जहाजभाड्याची पावती नसेल तर कस्टम्स एफओबी किमतीच्या (गाडी जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीच्या) २० टक्के भाडं धरतं, विम्याचा कागद नसेल तर १.१२५ टक्के विमा. म्हणून दोन्ही पावत्या वेगळ्या घ्या. वापरलेल्या गाडीचं मूल्य ठरवताना नव्या गाडीच्या किमतीतून घसारा वजा होतो: पहिल्या वर्षी दर तिमाही ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच. तीन वर्षं पुरी झालेल्या गाडीला जास्तीत जास्त ३८ टक्के. तुम्ही लिलावात फार स्वस्त मिळवली असेल तरी मूल्यांकन त्याहून वर जाऊ शकतं. लिलावाची शीट, पैसे भरल्याची पावती आणि विक्रेत्याचं बिल जपून ठेवा. किंमत कमी दाखवलेलं दुसरं बिल बनवून घेऊ नका. लिलावाचे भाव कस्टम्सलाही बघता येतात.

शुल्काचा दर गाडी विकत घेतली त्या दिवसाचा धरत नाहीत. बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सला द्यायचं आयातीचं विवरण, दाखल केल्याच्या दिवसाचा किंवा जहाजाला आत येण्याची मुभा मिळाल्याच्या दिवसाचा, जो नंतरचा तो. अर्थसंकल्पाच्या तोंडावर गाडी समुद्रात असेल तर पाच-दहा टक्के वर-खालीची तयारी ठेवा.

पैसे पाठवणं आणि नावं

आयईसी, म्हणजे आयातदार-निर्यातदार क्रमांक, डीजीएफटीच्या साइटवर ५०० रुपयांत मिळतो आणि तो पॅनशी जोडलेला असतो. स्वतःच्या वापरासाठी आणणाऱ्याला त्यातून सूट आहे. तरी काढूनच घ्या, कारण परदेशी पैसे पाठवताना बँक तो मागते. पैसे आयातीचे पैसे म्हणून बँकेमार्फतच जाऊ देत. प्रवासखर्चाच्या किंवा नातेवाइकाला मदतीच्या नावाखाली पाठवले, तर नंतर बिल ऑफ एंट्रीशी त्यांचा मेळ बसत नाही आणि बँकेची नोटीस येते.

बिल, बँकेचा व्यवहार, बिल ऑफ लेडिंग, बिल ऑफ एंट्री, विमा आणि आरटीओचा अर्ज या सगळ्यांवर एकच नाव, एकाच स्पेलिंगात. पॅनवर मधलं नाव पूर्ण आणि बिलावर नुसतं आद्याक्षर, एवढ्यानेही फाइल फिरते. पत्नीच्या खात्यातून पैसे आणि नवऱ्याच्या नावावर गाडी, असं करू नका.

जहाज, कंटेनर, सीएफएस

गाडी धुऊन, चाकांच्या वरच्या कमानींतली माती पूर्ण काढून चढवा. टाकीत इंधन अगदी थोडं, बॅटरीची तार सोडलेली. कंटेनरमध्ये चाकांना लावलेल्या लाकडी पाचरींकडे मुद्दाम लक्ष द्या. भारतात येणारं पॅकिंगचं लाकूड उष्णता किंवा धुरी देऊन निर्जंतुक केलेलं लागतं आणि त्यावर गव्हाच्या लोंबीच्या चित्राचा शिक्का डागलेला असावा लागतो. कुणीतरी गोदामातली साधी फळी चार तुकडे करून चाकाखाली घालतो, आणि लाखोंच्या गाडीचा कंटेनर त्या चार तुकड्यांपायी अडतो. कंटेनर बंद होण्याआधी पाचरींचा शिक्क्यासकट फोटो मागवा.

बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल झालं पाहिजे. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये. शुल्क वेळेत न भरल्यास वर्षाला १५ टक्के व्याज. त्यात शिपिंग लाइनचं कंटेनर डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार) आणि सीएफएसचं जागाभाडं वेगळं. विंटेज गाडी न्हावा शेवाला उतरत असेल, तर तिथले सीएफएस द्रोणागिरी, उरण, पनवेल पट्ट्यात पसरलेले आहेत. तिथे सीएचए निवडताना त्याने गाड्या सोडवल्या आहेत का, हेच विचारा. रसायनं आणि कापड सोडवणारा उत्तम सीएचए गाडीच्या धोरणअटींत पहिल्यांदाच पडत असेल, तर त्याचं शिक्षण तुमच्या जागाभाड्यावर होतं.

तपासणीच्या वेळी अधिकारी बॉनेट उघडून चॅसी नंबरची पाटी फडक्याने पुसतात आणि कागदावरच्या आकड्याशी एकेक अक्षर जुळवतात. जुन्या गाडीच्या पाटीवर हाताने ठोकलेले आकडे असतात. ८ आणि ३, शून्य आणि ओ यांत फरक करणं अवघड जातं. निर्यात दाखल्यात शून्य आणि बिलात ओ असेल तर दुरुस्ती त्या देशातून मागवावी लागते, त्यात दोन-तीन आठवडे सहज जातात. गाडी तिकडे असतानाच पाटीवर कागद ठेवून पेन्सिलने घासून ठसा घ्यायला सांगा आणि तो कागद मूळ स्वरूपात मागवा. तोच ठसा पुढे आरटीओतही लागतो.

‘इंजिन एका कंटेनरमध्ये, बॉडी दुसऱ्यात, सुटे भाग म्हणून आणू’ ही युक्ती फार जुनी आहे आणि कायद्याने तिचा विचार केलेला आहे. सीमाशुल्क दरपत्रकाच्या अर्थ लावण्याच्या नियम २(अ) प्रमाणे सुटी केलेली किंवा अपुरी वस्तूही पूर्ण वस्तू म्हणूनच धरतात. मग वयाच्या अटीचा भंग, खोटी घोषणा, कलम १११ खाली जप्ती आणि कलम ११२ खाली दंड. कलम १२५ खाली दंड भरून माल सोडवण्याची मुभा असते, पण मनाई असलेल्या मालाच्या बाबतीत ती देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही.

आरटीओ

पत्ता जिथला, आरटीओ तिथलं. घोडबंदर रोड, कोपरी, नौपाडा असेल तर ठाणे, एमएच ०४. ऐरोलीपासून वाशी, नेरुळ, बेलापूरपर्यंत एमएच ४३. खारघर, कामोठे, पनवेल एमएच ४६. कल्याण-डोंबिवली एमएच ०५. खारघरला ‘नवी मुंबई’ म्हणतात म्हणून कागद घेऊन वाशीच्या कार्यालयाकडे जाणारे पुष्कळ.

फॉर्म २० सोबत बिल ऑफ एंट्री, शुल्क भरल्याचं चलन, कस्टम्समधून सुटल्याचा दाखला, असल्यास परवाना आणि बाँड (कस्टम्सला लिहून दिलेली हमी), चाचणी संस्थेचा दाखला, विमा, पॅन, पत्त्याचा पुरावा आणि चॅसीचा पेन्सिल ठसा. आयात चारचाकीची नोंदणी फी ५,००० रुपये. मोटार वाहन निरीक्षक गाडी समक्ष बघतात, तोपर्यंत ती फ्लॅटबेडवरच न्या. आरटीओच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत गाडीचा मेकर आणि मॉडेल यादीतून निवडावे लागतात. अनोळखी कंपनीचं नाव त्या यादीत नसलं तर अर्ज पुढे सरकत नाही. गाडी जहाजात असतानाच कागदांच्या प्रती घेऊन आरटीओत जा आणि नोंद कशी होईल ते विचारून घ्या. आयात गाडीवरची विमा रक्कम कंपनीशी बोलून ठरते. ती सीआयएफवर न धरता शुल्कासह पडलेल्या किमतीवर धरायला सांगा.

विंटेजची नोंदणी जुलै २०२१ च्या नियमांनी चालते, नियम ८१ए पासून पुढे. फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. अर्ज फॉर्म २० मध्येच, सोबत विमा आणि बिल ऑफ एंट्री. गाडी मूळ रूपात असावी लागते. चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. नव्या जपानी इंजिनावर उभी केलेली १९६८ ची ब्रिटिश गाडी दिसायला कितीही देखणी असली तरी इथे बसत नाही. मान्यता मिळाली की साठ दिवसांत फॉर्म २३ए मध्ये प्रमाणपत्र आणि एमएच व्हीए या मालिकेतला नंबर. ही गाडी प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक अभ्यास, दुरुस्ती आणि इंधन भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर येते. तिने रोज तीन हात नाक्यावरून ऑफिसला जायचं असेल तर ही वाट तुमच्यासाठी नाही. आयातीची मोकळीकही स्वतःच्या वापरासाठी आहे, आणून विकण्यासाठी नाही.

आधीच आलेली गाडी कुणी विकत असेल तर

‘सगळं होऊन आलेली आहे, फक्त ट्रान्सफर करायची’ अशी वेगळी गाडी ठाण्यात, नवी मुंबईत अधूनमधून विकायला निघते. सप्टेंबर २०२५ मध्ये कोचीच्या कस्टम्सने ऑपरेशन नुमखोर नावाने केरळभर छापे घातले. भूतानमार्गे शुल्क चुकवून आणलेल्या आणि बनावट कागदांवर नोंदवलेल्या गाड्यांचा तो तपास होता. जप्ती गाडीवर येते. तुम्ही प्रामाणिकपणे पैसे मोजले होते, एवढ्याने ती परत मिळत नाही.

म्हणून आरसी बघून थांबू नका. मूळ बिल ऑफ एंट्रीचा क्रमांक, तारीख आणि बंदराचा कोड मागा आणि कस्टम्सच्या आइसगेट या साइटवर त्याची स्थिती स्वतः तपासा. त्यावरचा चॅसी नंबर गाडीवरच्या पाटीशी जुळवा. उत्पादनाचं वर्ष आणि आयातीचं वर्ष यांतलं अंतर मोजा: १९९८ ची गाडी २०१२ ला आलेली दिसली तर ती कोणत्या सवलतीत आली, ते विचारा आणि कागद बघा. दूतावासाच्या अधिकाऱ्याने शुल्कमाफीत आणलेली गाडी असेल तर शुल्क भरल्याची पावती आणि कस्टम्सचं ना-हरकत पत्र दोन्ही हवीत. परत आलेल्या अनिवासी भारतीयाची असेल तर विक्रीवर बंदीची मुदत घातली होती का आणि ती संपली का, हे बाँडवर वाचा. यातला एक जरी कागद ‘नंतर देतो’ म्हणून राहिला तर बयाणा देऊ नका.